उलटं धरलेलं पुस्तक

बुधवार, २८ ऑगस्ट

रविवारच्या उपदेशाची सुरुवात सापडली. विसरण्याआधी उतरवून ठेवतो.

"ज्यांची मुलं समोरच्या शाळेत जातात त्या आईबापांनो, आणि ज्यांनी आपली मुलं तिथून काढून घेतली त्या आईबापांनो, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. ती शाळा आपल्या मुलांना शिकवत नाही, नुसतं सांभाळते. आपल्या घंटेचा आवाज तिच्या प्रत्येक वर्गात पोचतो, आणि तरी तिथल्या सातवीत एकोणीस मुलांना धडा वाचता येत नाही. ज्यांना परवडलं त्यांनी शिकवण्या लावल्या किंवा पुलापलीकडची शाळा गाठली. ज्यांना परवडलं नाही ते बाकावर बसून राहिले. मग मंडळी म्हणून आपण काय केलं? आपण त्यांच्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थना सोपी असते. तिला सकाळी उठून शाळेत जावं लागत नाही."

शेवटच्या वाक्यानंतर थांबायचं आणि पाणी प्यायचं.

पण एकोणीस हा आकडा आहे. आकडा ऐकून कुणी रडत नाही. एक चेहरा हवा.

दुपारी इस्त्रीवाली गायकवृंदाचे झगे घेऊन आली. बावीस झगे, एकेक कॉलर कागदासारखी ताठ. ठेवून झाल्यावरही दारात घुटमळत राहिली. मग म्हणाली, "पाळकसाहेब, भिंगरीचं जरा बोलायचं होतं." भिंगरी म्हणजे तिची मुलगी, तेरा वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून आईनेच हे नाव पाडलं. उपासनेनंतर झगे गोळा करून घरी नेते ती. "साहेब, ती वाचते म्हणजे पाठ करते हो. गीतं सगळी पाठ. पुस्तक नुसतं हातात असतं. धडा वाचायचा म्हटलं की पोटात दुखतं तिच्या. शाळेत कुणाला कळू देत नाही. आपल्या बाई इतकी वर्षं पहिली-दुसरीला शिकवायच्या. अर्धा तास बसवतील का तिला?"

बायकोला विचारतो म्हणालो. ती गेल्यावर बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. प्रश्न एका मुलीचा नाही, साऱ्या व्यवस्थेचा आहे, हे या बिचारीला कसं समजावणार?

चेहरा मिळाला.

रविवार, १ सप्टेंबर

असा उपदेश मी गेल्या दहा वर्षांत दिला नव्हता. हे गर्वाने लिहीत नाही. थोडं गर्वानेही लिहितो.

आकडे सांगून झाल्यावर मी आवाज खाली आणला. म्हणालो, "आपल्यातच एक मुलगी दर रविवारी बसते. सातवीत आहे. प्रत्येक गीत म्हणते, हातात पुस्तक धरून म्हणते. आणि ते पुस्तक उलटं असतं."

हे शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. बोलता बोलता आलं. येताना अंगावर काटा आला.

पुढे काय बोललो ते नीट आठवत नाही. पुढच्या रांगेत दोन बायका डोळे पुसत होत्या. ऑर्गनवाले काका गीताची सुरुवात करायचं विसरले. चाळीस वर्षांत ते कधी विसरलेले नाहीत. बाहेर पडताना लोक माझा हात सोडत नव्हते. "आम्ही काय करायचं ते सांगा, पाळक." हे वाक्य ऐकण्यासाठी मी या धंद्यात आलो.

घरी येताना ही म्हणाली, "ती कोण मुलगी?"

"कोणीही असेल. अशा शंभर आहेत."

"सातवीतली, दर रविवारी येणारी, सगळी गीतं येणारी. अहो, अशी एकच आहे."

मी नाव घेतलेलं नाही. तेच तिला सांगितलं. किल्ली पर्समध्ये असतानाही ती दारात बराच वेळ शोधत राहिली.

रविवार, ८ सप्टेंबर

चौतीस नावं आली. चौतीस! आठवड्यातून दोन सकाळी शाळेत जायचं, एका मुलाशेजारी बसायचं, पाऊण तास त्याच्याबरोबर वाचायचं. बसचालक आहे, दोन परिचारिका आहेत, एक निवृत्त भूमापक आहे, जन्मात कुणाशी गोड न बोललेला. शनिवारी चर्चचं सभागृह अभ्यासासाठी उघडं ठेवायचं ठरलं.

शाळेच्या मोठ्या बाईंना भेटलो. मुख्याध्यापिका असल्या तरी अख्खी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणते, आणि उंचीने त्या जेमतेम फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत पोचतात. त्यांच्या दोनच अटी: मुलाला चारचौघांत मोठ्याने वाचायला लावायचं नाही, आणि त्याला काय येत नाही ते वर्गाबाहेर कुणाला सांगायचं नाही. "चूक शिक्षकासमोर झाली तर मूल शिकतं, वर्गासमोर झाली तर पळतं," म्हणाल्या. मी मान डोलावली. वाक्य चांगलं आहे, लिहून ठेवलं.

झगे यावेळी शेजारणीच्या हाती आले. इस्त्रीवालीला बरं नसावं. ही हल्ली भाजीला जाते ती दीड तासाने परतते. गुडघा दुखतो म्हणते आणि चालते एवढं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज वाचनाचा पहिला दिवस. जिना, व्हरांडा, पाण्याच्या टाकीजवळचा कट्टा, जिथे जागा मिळाली तिथे जोड्या बसल्या. बसचालक गुडघे पोटाशी घेऊन लहान मुलाच्या बाकात अडकला होता आणि पोरगं त्याला सांगत होतं, "काका, बोट ठेवून वाचा, नाहीतर ओळ चुकते." भूमापकाला हसताना पाहिलं.

मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. चहा नाही, पाणी नाही.

"तुमच्या मंडळीतली भिंगरी मंगळवार तीन तारखेपासून शाळेत आलेली नाही. सोमवारी आली होती. मधल्या सुट्टीत चार-पाच जणांनी पुस्तकं उलटी धरून तिच्याभोवती गाणी म्हटली. मी विचारलं, हे कुठून काढलंत? तर म्हणाले, चर्चमध्ये सांगितलं."

मी म्हणालो, मी नाव घेतलं नव्हतं.

"नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान मुलांना ओळखल्याची मजा आली नसती." मग त्या म्हणाल्या, "आणि पुस्तक उलटं कोण धरतं हो? तिला अक्षरं येतात. अडखळते, जोडाक्षराला थांबते, पण येतात. तुम्ही पाहिलंत का कधी तिला उलटं धरताना?"

"तो दृष्टान्त होता."

"बरं. आमच्याकडे त्याला थाप म्हणतात."

दारात पोचलो तेव्हा म्हणाल्या, सलग तीस दिवस मूल आलं नाही तर नाव पटावरून कमी करावं लागतं. नियम त्यांचा नाही, वरचा आहे. दोन ऑक्टोबरला तीस होतात. एकदा नाव गेलं की सातवीतली मुलगी परत येत नाही, हे त्यांनी एकवीस वर्षं पाहिलंय.

परतताना व्हरांड्यातून आलो नाही. मागच्या फाटकाने निघालो.

रविवार, १५ सप्टेंबर

आज संध्याकाळी टेकडीवरच्या चर्चने मला बोलावलं होतं. त्यांचीही अर्धी मुलं याच शाळेत जातात. त्यांच्या पाळकाने आमच्या उपदेशाचं ऐकलं होतं: तसंच काहीतरी आमच्याकडे पेटवा.

लपवाछपवी करायची तर रोजनिशी कशाला लिहायची. तेव्हा लिहितो. ती गोष्ट सांगायची नाही असं मी ठरवून गेलो होतो. चौथ्या परिच्छेदाला लोक खुर्चीत सरकायला लागले. एकाने घड्याळ पाहिलं. आणि मी आवाज खाली आणला. "आमच्यात एक मुलगी आहे..." माझ्या कानांनी मी ते ऐकत होतो. पुस्तक उलटं धरलं. या वेळी त्यावर बोट फिरवणारी मुलगीही घातली. कुणीतरी हुंदका दिला, आणि तो ऐकून मला बरं वाटलं.

तिकडे सतरा नावं आली.

सोमवार, १६ सप्टेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. माझ्या वाचनात मोठमोठ्या वक्त्यांची चरित्रं आहेत. शब्दाने माणसं कशी उभी राहतात ते त्यांत आहे. शब्दाखाली कुणी सापडलं तर काय करायचं, यावर एकाने पान लिहिलेलं नाही. किंवा असेल आणि मी ते उलटून पुढे गेलो असेन.

बुधवार, १८ सप्टेंबर

इस्त्रीवालीच्या घरी गेलो. गल्लीच्या टोकाला एक खोली. अर्धी खोली इस्त्रीच्या टेबलाने खाल्लेली, उरलेल्या अर्ध्यात दोघी राहतात. भिंतीला दोरीवर शर्टांची रांग. भिंगरी टेबलाखाली बसून बटणं लावत होती. मला पाहून ती आणखी आत सरकली.

मी बोलायला लागलो. मला वाईट वाटलं, माझा हेतू, शिक्षणाचं महत्त्व, तिचं भविष्य. इस्त्रीवालीने इस्त्री थांबवली नाही. वाफेच्या आवाजात माझी वाक्यं अर्धी अर्धी विझत होती.

शेवटी ती म्हणाली, "साहेब, मी तुम्हाला सांगितलं ते तुमच्याजवळ ठेवायला."

"हो."

"मी अर्धा तास मागितला होता. तुम्ही सगळं गावच मागे लावून दिलंत."

टेबलाखालून आवाज आला. "मी पुस्तक उलटं धरलेलं तुम्ही कधी बघितलं?"

मी खाली वाकलो. उकिडवं बसल्यावर गुडघा कडकडला. "नाही. ते उदाहरणासाठी होतं, बाळा. लोकांना कळावं म्हणून."

"मग तुमच्या घरातल्या कुणाला तरी धरायला लावायचं."

मी सांगितलं, मी स्वतः तुला शिकवतो, रोज येतो. आईनेच उत्तर दिलं. "बाई येतात. चार तारखेपासून. तुम्ही नका येऊ."

घरी आलो तेव्हा ही भाजी निवडत होती. विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर उपदेशात गेलं असतं."

मी चिडलो. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यावर एवढाच विश्वास का, असं बरंच बोललो. ती ऐकत राहिली. देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. माझं संपल्यावर म्हणाली, "मुलगी हुशार आहे. जोडाक्षरं सुटली की धावेल. पण शाळेत नाही जाणार म्हणते. पलीकडच्या लाँड्रीत घड्या घालायला ठेवून घेतो म्हणालेत. आईला ते नकोय, पण ओढून तरी किती नेणार?"

शुक्रवार, २० सप्टेंबर

ठरवलं. व्यासपीठावरून कबुली देणार. मसुदाही झाला, अकरा पानं. एका मुलीचा विश्वास मी कसा मोडला, तिची खोली, टेबलाखालचे तिचे डोळे. लिहिताना मला रडू आलं.

हिला वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला. म्हणाली, "छान आहे. पुन्हा तिचीच गोष्ट आहे. आता टेबलासकट."

अकरा पानं फाडली. बारावं लिहिता येत नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

आज निदान एवढं म्हणायचं होतं, की ती गोष्ट खरी नव्हती. उपासनेआधी ऑर्गनवाल्या काकांना सांगितलं. ते आमच्या समितीचे सर्वांत जुने. त्यांनी ऑर्गनच्या पट्ट्या पुसता पुसता ऐकलं.

"पाळक, चौतीस आणि सतरा एक्कावन्न. एक्कावन्न मुलांशेजारी आज कुणीतरी बसतंय. ही माणसं त्या पुस्तकामुळे आली. तुम्ही ते खोटं होतं म्हणालात, की निम्मे म्हणतील, चला, आपणही सुटलो. लोक कारणच शोधत असतात."

"आणि तिचं काय?"

"एकीसाठी पन्नास?" त्यांनी फडक्याची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "मला काय विचारता? मी पेटी वाजवतो."

मी सांगितलं नाही. माफीवर उपदेश दिला. चांगला झाला, असं लोक म्हणाले. दहा दिवस उरलेत.

बुधवार, २५ सप्टेंबर

शेजारीण गावाला गेली म्हणून आज भिंगरीच झगे घेऊन आली. दारातच ठेवून वळली. मी हाक मारली. थांबली, पण पाठ माझ्याकडेच.

मी विचारलं, "शाळेत यायला तुला काय हवं?" हा प्रश्न विचारायला मला चोवीस दिवस लागले.

तिने जिन्याचा कठडा धरला. मग: "तुम्ही सांगा की तुम्ही खोटं बोललात."

"सांगतो."

"मी कोण ते सांगायचं नाही. मला वाईट वाटलं ते सांगायचं नाही. देव-बिव आणायचा नाही."

"बरं."

"लांबवायचं नाही. तुम्ही लांबवलंत की लोक रडतात, आणि मग तुम्हीच चांगले ठरता."

एवढं बोलून ती जिन्यावरून धडधडत गेली. शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून. मी अठ्ठावीस वर्षं उपदेश करतोय. माझ्या उपदेशाची इतकी नेमकी चिकित्सा कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही, कुठल्या बिशपने केली नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

सकाळी उठून कागदावर लिहून घेतलं आणि तेवढंच वाचलं. त्याची नक्कल:

"या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी इथून उलट्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. ती मी रचली होती. तशी मुलगी आपल्यात नाही. शाळेबद्दल मी सांगितलेले आकडे खरे आहेत, ते मोठ्या बाईंकडे तपासता येतील. ज्यांनी घरी मुलांना ही गोष्ट सांगितली असेल, त्यांनी आज जेवायला बसण्याआधी मुलांना सांगावं की पाळक खोटं बोलला."

संपलं. पाणी प्यायलो नाही. शांतता पसरली. आणि ती शांतता चांगली पडली, हे माझ्या लक्षात आलं. ते लक्षात आल्याची लाज अजून गेलेली नाही.

दोन कुटुंबं मधूनच उठून गेली. भूमापक फाटकाशी थांबून म्हणाला, "म्हणजे मी एका थापेवर आठवड्यातून दोनदा सात वाजता उठत होतो?" मी हो म्हणालो. "पण तो पोरगा खरा आहे ना?" हो म्हणालो. "मग मंगळवारी भेटू," म्हणाला, आणि हात न मिळवता गेला. संध्याकाळपर्यंत सात जणांनी नावं काढून घेतली. बसचालकाचं नाव त्यात आहे, ते सर्वांत लागलं. ऑर्गनवाले काका आज शेवटचं गीत फार जोरात वाजवत होते.

भिंगरी आली नव्हती. तिची आई आली होती, मागच्या बाकावर. नजर मिळवली नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

आली.

हिनेच संध्याकाळी सांगितलं. सकाळी दोघी मिळून निघाल्या. फाटकाशी भिंगरी म्हणाली, "आता तुम्ही जा, बाई," आणि एकटी आत गेली. हजेरी लागली. नाव पटावर राहिलं.

मी खुर्चीतून उठलो. ही म्हणाली, "बसा. पुढचं ऐका."

मधल्या सुट्टीत वर्गातली आपली मुलं गप्प होती. एक जण तर स्वतःहून येऊन म्हणाला, "घरी सांगितलं, ते खोटं होतं." पण टेकडीकडची तीन मुलं आली. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांच्यापाशी तर बोट फिरवणारी मुलगीही आहे, दुसऱ्या वेळी मी नव्याने घातलेली. पुस्तक उलटं धरून, त्यावर बोट फिरवत त्यांनी गाणं म्हटलं. मोठ्या बाई येईपर्यंत भिंगरी बाकावरून हलली नाही. घरी गेली नाही. शेवटच्या घंटेपर्यंत बसली. घरी आल्यावर हिला म्हणाली, "उद्याचं बघू."

उद्याचं बघू. तेरा वर्षांच्या मुलीला हे म्हणावं लागतंय, कारण माझ्या चौथ्या परिच्छेदाला एका माणसाने घड्याळ पाहिलं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आज गेली. बुधवारी जाईल की नाही, माहीत नाही. आता तीस दिवसांचा नियम मध्ये येणार नाही. मध्ये येतील ती फक्त ती तीन मुलं, आणि माझी गोष्ट.

टेकडीवरच्या पाळकाला सकाळी फोन केला. म्हणाले, जाऊ द्या हो, आमच्याकडे सतरा जण उत्साहाने येताहेत, पुढे कधीतरी बोलता बोलता सांगू. बोलता बोलता. मला ते शब्द ओळखीचे वाटले.

म्हणून पत्र लिहिलं. हिला वाचून दाखवलं. तिने दोन वाक्यं काढायला लावली. दोन्ही सुंदर होती. आज दुपारी मी स्वतः चढून त्यांच्या हातात देईन, आणि त्यांनी नकार दिला तर रविवारी त्यांच्या फाटकाशी उभा राहून स्वतः वाचेन.

"टेकडीवरच्या मंडळीतल्या आईबापांनो,

तुमची मुलं आणि आमची मुलं एकाच शाळेच्या बाकांवर बसतात. त्या शाळेत त्यांना कमी मिळतं, हे तुमचंही दुखणं आहे आणि आमचंही. त्यासाठी तुमच्यातले सतरा जण दर आठवड्याला तिथे जातात. ते चांगलं काम आहे; ते थांबवू नका.

पण गेल्या महिन्याच्या पंधरा तारखेला तुमच्या व्यासपीठावरून मी उलट्या पुस्तकावर बोट फिरवणाऱ्या मुलीची गोष्ट सांगितली. ती मी मनाने रचली. अशी मुलगी नाही. ती गोष्ट शाळेच्या मैदानात पोचली आहे, आणि तिथे ती एका मुलाला शाळेबाहेर ढकलू शकते. ज्या कामासाठी आपण जमलो, त्याच्या नेमकं उलट.

आज घरी गेल्यावर तुमच्या मुलांना समोर बसवा आणि त्यांना सांगा: ती गोष्ट खोटी आहे, ती सांगणारा पाळक खोटं बोलला, आणि उद्या मधल्या सुट्टीत कुणी ती पुन्हा सांगितली तर तुम्ही तिथेच म्हणा, हे खोटं आहे."